वरच्या मजल्यावरचे जर्मन मास्तर

राजाजीनगरच्या आमच्या घरात वरच्या खोल्यांत तीन वर्षं एक जर्मन गृहस्थ भाड्यानं राहत होते. मुलगी महादेवपुराला नोकरी करते म्हणून ते बेंगळुरूला आले. पण तिच्या चौदाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये त्यांचं मन रमेना. आयुष्यभर त्यांनी जर्मनीतल्या एका शाळेत ग्रीक आणि लॅटिन शिकवलं होतं. सुट्ट्यांत बसून प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञानावर दोन पुस्तकं लिहिली होती. तिसरं आमच्याकडे चाललं होतं. शेजारी म्हणतात म्हणून तेही मला अक्काच म्हणत.

मी हायस्कूलला गणित शिकवते. घरात बाकी सगळे इंजिनिअर, नाहीतर संशोधक. माझ्या कामाबद्दल कुणी फारसं विचारत नसे.

एका रविवारी ते एक आकृती घेऊन खाली आले. सोबत जुन्या ग्रीक ग्रंथातल्या भूमितीच्या उताऱ्याचं त्यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर होतं. "अक्का, तुमच्या मुलांना हे कळेल का, बघा."

मी पेन्सिल घेऊन बसले आणि तिसऱ्याच पायरीला अडले. "ही रेषा मध्यबिंदूतून काढलीत, तर पुढची ओळ सिद्ध होत नाही. इथं लंब हवा."

ते आकृती उचलून वर गेले. तासाभरानं मूळ ग्रंथ घेऊन जिना उतरले. "मूळ ग्रीकमध्ये मध्यबिंदू नाहीच, लंबच आहे. तो मी मनानं घातला. वीस वर्षं तसंच वाचतोय!" चेहरा पडला होता. मग स्वतःच हसले. नव्या पुस्तकातलं ते अख्खं प्रकरण त्यांनी पुन्हा लिहिलं. रोज संध्याकाळी ते एकेक पायरी समजावून सांगत आणि मी ती तपासत असे.

पुढे एका कॉलेजनं त्यांना व्याख्यानाला बोलावलं. मलाही त्यांनी आग्रहानं नेलं. ओळख करून देणाऱ्यांनी "थोर प्रोफेसर" म्हणताच ते उठून उभे राहिले.

"मी प्रोफेसर नाही, शाळामास्तर आहे. आणि माझी सर्वात मोठी चूक दाखवली तीही एका शाळेतल्या बाईंनीच. त्या तिथं बसल्यात."

माना माझ्याकडे वळल्या. कान तापले माझे. पण मी ताठ बसून राहिले. इतका अभिमान मला माझ्या नेमणुकीच्या दिवशीही वाटला नव्हता.

परतताना रिक्षात मात्र ते व्याख्यानाचे कागद पुन्हापुन्हा चाळत होते. मी विचारलं, तर म्हणाले, "शेवटचा प्रश्न विचारला ना, त्या मुलीला मी नीट उत्तर दिलं नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कॉलेजच्या पत्त्यावर तिला चार पानी पत्र पाठवलं, आकृतीसकट.