विहारात ठेवलेली सुटकेस

त्या मे महिन्यात मी माझी सुटकेस स्वतःच्या घरात नेली नाही. पुण्याहून रात्रभर मांडीवर घेऊन आणली, गावात उतरल्यावर विहाराच्या कपाटात ठेवली आणि रिकाम्या हातानं घरी गेले.

कारण घरात कापूस होता.

आमच्या महागावकडं घरात कापूस असणं यात नवल नाही. पण त्या वर्षी भाव असा बसला की सगळ्या गावानं माल धरून ठेवला. आज वाढंल, उद्या वाढंल. मे उजाडला तरी पुढची खोली आढ्यापर्यंत भरलेली, मधली अर्धी भरलेली, आणि उरलेल्या अर्ध्यात आई, दादा, वहिनी आणि त्यांची पोरगी झोपायची. ऊन तापलं की त्या कापसात बारीक किडे होतात. डोळ्याला दिसत नाहीत, अंगाला कळतात. आधी मनगट, मग कोपराचा खळगा, मग पोट. कुणी त्याला पिसवा म्हणतं, कुणी नुसतं "कापूस लागला" म्हणतं. त्या उन्हाळ्यात गावातली माणसं बोलता बोलता खाजवायची आणि खाजवता खाजवता भावाचं विचारायची.

मार्चमध्ये आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी आले होते, आणि सुटकेस सरळ कापसाच्या ढिगावर ठेवली होती. दुसरी जागाच कुठं होती? मऊ जागा, धूळ नाही, उंदीर नाही. उलट मला वाटलं, कपडे चांगले राहतील.

मी आठवीतून शाळा सोडली. पुण्याला एका घरी बाळ सांभाळायचं काम मिळालं, ते आजवरच्या माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम. मॅडम आणि साहेब दोघंही नोकरीवाले. मला वेगळी खोली, वेगळा पंखा, जेवायला सगळ्यांच्या बरोबर. आईच्या डोळ्याचं ऑपरेशनसुद्धा मॅडमच्या ओळखीनं झालं. मी सकाळी उठले की आधी मनातल्या मनात त्या घराला हात जोडायचे, आणि लगेच भीती वाटायची की हे कुणाला दिसलं तर आपल्याला येडी समजतील.

तर मार्चमध्ये परत गेले आणि थोड्याच दिवसांत बाळाच्या पोटावर लाल पुरळ उठलं. मग मांडीवर, मग मानेला. बाळाच्या आजींनी माझी मनगटं धरून उजेडात नेली.

"खरूज आहे का गं तुला?"

"नाही आजी. कापूस लागला."

"कापूस? कापूस कसा लागतो माणसाला?"

हे पुण्यात कुणाला कसं सांगणार? कापूस म्हणजे त्यांच्यासाठी औषधाच्या दुकानातली पांढरी गुंडाळी. मी बोलत गेले तसा त्यांच्या चेहऱ्यावरचा संशय वाढतच गेला, आणि माझा स्वतःवरचाही. मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला मलमाची वेगळी ट्यूब दिली, नवा टॉवेल दिला. बाळ बरं झाल्यावर एका संध्याकाळी हळू आवाजात म्हणाल्या, "तुझ्यावर माझा विश्वास आहे. पण परत असं झालं तर मला दुसरी बाई बघावी लागेल. बाळाचं आहे ना."

बरोबरच होतं त्यांचं. मी त्यांच्या जागी असते तर एवढंही थांबले नसते.

आणि मे महिन्यात मावसबहिणीचं लग्न निघालं. नाही जावं तर आई तोंड बघणार नाही. जावं तर कापूस.

मी पंधरा-वीस दिवस आधीपासून सुटकेस भरायला लागले. साडीच्या दुकानात देतात तशा चेनच्या प्लास्टिक पिशव्या जमवल्या. एक जोड, एक पिशवी. लग्नाची पांढरी साडी, तिचा परकर आणि ब्लाउज साडीच्याच घडीत, म्हणजे काही शोधायला बाकीच्यात हात घालायला नको. ओढण्या गुंडाळून कोपऱ्यात. डांबराच्या गोळ्या जुन्या मोज्यात बांधून चार बाजूंना. गावात वापरायचे दोन जुने गाऊन मात्र सुटकेसमध्ये नाहीच, ते कापडी झोळीत. ते गावातच सोडून यायचे. परतीच्या प्रवासाचा हिरवा ड्रेस सगळ्यात खाली, दोन पिशव्यांत. वरून चेनवर रुंद चिकटपट्टी लावली आणि पट्टीच्या टोकाला नखानं एक आडवी खूण केली. कुणी उघडलं तर मला कळलं पाहिजे.

आजी दारात उभ्या राहून बघत होत्या. "लग्नाला चाललीस की ऑपरेशनला?"

मी हसले. पण मला वाटलं, या मला तपासायलाच उभ्या आहेत.

पुसदच्या गाडीत ड्रायव्हरच्या पोरानं सुटकेस डिकीत टाकायला मागितली. डिकीत पोती होती. कशाची होती देव जाणे. मी दिली नाही. शेजारच्या सीटवरची बाई रात्री झोपेत खांदा खाजवत होती, तर मी खिडकीला चिकटून बसले. माणूस कशानंही खाजवू शकतो हे मला कळत होतं, पण डोळा लागला नाही. पुसदहून महागाव, तिथून गावापर्यंत काळीपिवळी. तिच्या टपावर सामान टाकतात, तर मी तिथंही मांडीवरच. ड्रायव्हर म्हणाला, "काय वं बाई, सोन्याच्या इटा भरल्या काय त्यात?"

विहाराची झाडझूड करणाऱ्या मावशीकडं किल्ली असते. विहारात कापूस नाही, कुणी झोपत नाही, फरशी रोज पुसतात. गावातली तेवढी एकच जागा मला खात्रीची वाटली. मावशी वह्या-पुस्तकांच्या कपाटात सुटकेस ठेवताना म्हणाली, "काहून वं, घरी जागा नाही काय?"

"कापूस हाय नं मावशी."

"कापूस कोनाच्या घरी नाही?"

घरी वहिनीनं पाणी दिलं आणि माझ्या मागं दाराकडं पाहिलं. "बॅग कुठं हाय, बाई?"

"विहारात."

"कायले?"

मी खरं ते सांगितलं. मार्चमध्ये काय झालं, बाळाच्या अंगावर कसं उठलं, मॅडम काय म्हणाल्या. आई ऐकत होती आणि तिच्या दोन्ही हातांवर ओरखडे होते, खोबरेल लावून चमकणारे. तेच किडे हिला खाऊन राहिलेत आणि मी माझे ड्रेस वाचवून राहिले.

वहिनीनं सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाली, "म्हंजे आमी चालतो. आमची हवा तुह्या कपड्याले चालत नाही."

"तसं नाही वं वहिनी."

"तसं नाही तं कसं?"

दुसऱ्या दिवसापासून गावभर झालं. नळावर एकीनं विचारलं, "पुन्याले लगन केलं म्हनतेत तू, मंगळसूत्र बॅगेत ठेवलं काय?" दुसरी म्हणाली, "मालकिनीचे दागिने आनले असंन." दोघी हसल्या, पण हसताना माझ्या गळ्याकडं बघत होत्या. दादा तर त्याहून वाईट. जेवताना त्यानं दोनदा वर बघून खाली बघितलं. शेवटी आईला माझ्यासमोरच म्हणाला, "इले इच्यार, पोरगा कोनता हाय? आपला हाय का दुसरा? आपला असंन तं लपवाले काय झालं?"

मी रडले, शपथा घेतल्या. मी जेवढी शपथ घेई, तेवढं त्यांचं तोंड बंद आणि डोळे बारीक होत. पुण्यात आजींसमोर बोलताना झालं होतं अगदी तसंच.

लग्नाच्या सकाळी मी विहारात जाऊन साडी नेसले. मांडव समोरच होता. संध्याकाळी तिथंच उतरवून साडी वेगळ्या पिशवीत गाठ मारून ठेवली, धुवायची म्हणून, आणि नवी चिकटपट्टी लावून परत नखानं खूण केली. मावशी बघत होती. मावशीचा पण मला संशय यायला लागला होता. आता वाटतं, त्या चार-आठ दिवसांत माझा ज्याच्यावर संशय नव्हता असं एकच होतं, वहिनीची पोरगी. आणि ती माझ्या मांडीवर बसायला आली की मी उठून उभी राहायचे.

निघायच्या आदल्या संध्याकाळी सुटकेस बघायला गेले. पट्टी दुसरीच होती. खूण नव्हती.

मी तिथंच फरशीवर बसून चेन उघडली. सगळं होतं, काही गेलं नव्हतं. पण माझ्या घड्या नव्हत्या. मी ओढण्या गुंडाळलेल्या, त्या आता चौकोनी होत्या. पिशव्या धुऊन पुसून उलट्या घातलेल्या. धुवायची साडी धुऊन वाळून सगळ्यात वर. आणि सगळ्याला कोळशाच्या इस्तरीचा वास. माझ्या पांढऱ्या परकरावर, काठापाशी, हिरवट डाग पसरला होता.

"मावशी, कोनी उघडली?"

मावशी झाडू टेकवून उभी राहिली. "तुही वहिनी आलती किल्ली मांगाले. म्हने बाईनं धाडलं."

घरी वहिनी चुलीपुढं होती. मी काही विचारायच्या आधीच ती म्हणाली, "हो, म्या उघडली. पाह्यलं म्या, फोटू-बिटू हाय काय कोनाचा. तुह्या दादानं डोकं खाल्लं होतं माह्यं. सगळ्या पिशव्या उघडल्या एक एक, हात घालू घालू."

"मंग? भेटला फोटू?"

"कायचा फोटू? गोळ्या भेटल्या डांबराच्या, मोज्यात." तिनं लाकूड आत सारलं. "मंग ध्यानात आलं, म्या घरून आलती तशीच. कापसातून. आनं सगळ्याले हात लावले. तू एवढं बांधून-सांधून ठेवलं, आनं म्याच नेऊन घातलं त्यात."

तिनं लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, आम्ही सगळे नवरीच्या घरी जेवायला गेलो असताना, विहाराच्या मागं चूल मांडली होती. पाणी उकळून त्यात सगळे कपडे टाकले, धुवायची साडीसुद्धा. स्वतः आधी मावशीकडं अंघोळ करून, मावशीचं लुगडं नेसून. पत्र्यावर कडक उन्हात वाळवले. शिंप्याकडून इस्तरी आणून शिवणीवर शिवण दाबून फिरवली, कारण किडा शिवणीत बसतो म्हणे.

"तुह्या हिरव्याचा रंग गेला वं परकराले," ती म्हणाली. "थे मले समजलं नाही. उकळत्या पान्यात टाकाले नाही पायजे होता."

मी म्हटलं, "राहू दे. परकर कोनाले दिसते?"

आमच्यात इतकंच बोलणं झालं. तिनं मला भाकर वाढली. तिच्या बोटांच्या बेचक्यांत पुरळ होतं, फुटलेलं, त्यावर हळद.

आता माझी खरी पंचाईत झाली. सुटकेस मावशीच्या कपाटात, धुतलेली, इस्तरी केलेली. पण तिच्या हातानं. अंघोळ केली म्हणते, पण कपडे वाळवायला परत कुणाला बोलावलं असेल? घड्या घालताना घरून कुणी आलं असेल? पोरगी तर तिच्या मागं मागं असतेच. परत सगळं उकळायचं म्हटलं तर वेळ होता. दुपारची गाडी. पण मी विहाराच्या मागं चूल मांडली असती तर वहिनीपर्यंत धूर जायच्या आधी बातमी गेली असती. मी सकाळी दोनदा विहारात गेले, दोनदा चेन उघडली, शिवणी उलट्या करून बोटानं चाचपल्या. काही दिसत नाही. दिसत नाहीतच ते. शेवटी तशीच सुटकेस उचलली. वहिनी काळीपिवळीपर्यंत सोडायला आली आणि सुटकेसपासून हातभर लांब चालली. जाताना तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवायला उचलला आणि मागं घेतला.

पुण्यात पोचले तेव्हा सकाळ होती. बाळ हात पसरून आलं. मी "थांब, थांब, अंघोळ करून येते" म्हणत मागं सरकले, तर ते रडायला लागलं. मॅडमनी दार पूर्ण उघडलं, सुटकेसकडं पाहिलं.

"सगळं धुतलंय ना?"

"हो मॅडम. वहिनीनं उकळून धुतलंय. इस्त्रीपण केलीय. शिवणीवरून फिरवून."

"अरे वा, छान केलं," मॅडम म्हणाल्या. "एकदा मशीनमधून काढू या, हं? गरम पाण्यात." आणि त्यांनी माझ्या हातातून सुटकेस घेतली, गॅलरीत नेली आणि त्या चौकोनी घड्या एक एक करून मशीनमध्ये टाकल्या. आजी मागून म्हणाल्या, "ती सुटकेसही उन्हात ठेवा."

मशीन फिरायला लागलं तसा माझ्या खांद्यावरचा दोन दिवसांचा ताण उतरला. आणि त्याच वेळी मला मॅडमचा असा राग आला की मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले. त्यांनी काय चुकीचं केलं? काहीच नाही. मीही तेच करणार होते, फक्त कुणी बघत नसताना.

बाळाच्या अंगावर त्या खेपेला काही उठलं नाही. काम टिकलं. वहिनीच्या चुलीनं टिकलं की मॅडमच्या मशीननं, हे मला ठाऊक नाही, आणि ठाऊक करून घ्यायची हिंमतही नाही.

त्याच सकाळी, मशीन फिरत असताना, वहिनीचा फोन आला. ती आपणहून मला फोन करत नाही.

"पोचली काय, बाई? काही निंघालं काय कपड्यात?"

"नाही वं. एकदम साफ. तशीच घडी कपाटात ठेवून देल्ली."

"खरं सांगून राह्यली नं?"

"खरं."

"हा घुर्र घुर्र आवाज कायचा येऊन राह्यला मंग?"

मी गॅलरीचं दार पाठीनं लावून घेतलं.

"मिक्सर हाय, वहिनी. चटनी वाटून राह्यली."