शेकलेला डफ
धानाच्या तणसीच्या धुराचा वास आला की मले बल्लारपूरची ती रेकॉर्डिंगची खोली आठवते. नातीचं पहिलं गाणं मोबाइलवर टाकायचं होतं. गाणं तिचं, पण आमच्या घरचा डफ त्यात नसला तर ते आमचं कसं, म्हणून मी हट्टानं गेलो होतो. उन्हाळा होता, खोलीत कूलर. गाताना तो बंद केला, पण तोवर ओल्या हवेनं चामडं सैल पडलं होतं. थाप मारली की नुसतं धप्प. खोलीवाला म्हणाला, "भाऊ, राहू द्या ना, कम्प्युटरमंधी डफ हाये." मी म्हटलं, "मंग गाणारीबी त्यातलीच घे." उठलो, समोरच्या म्हशीवाल्याले तणसीची पेंढी मागितली आणि रस्त्याच्या कडेला पेटवून डफ शेकत बसलो. नात मागं आली. मले वाटलं, आता भांडते. डफ बोलतो का पाहाले मी थाप मारली, तर तिनं उभ्यानंच गाणं धरलं. म्हशीवाल्यानं ते मोबाइलमंधी घेतलं. मंग आत जाऊन नीट गाणं केलं, तेही टाकलं. पण गावोगाव गेलं ते रस्त्यावरचंच. आता तिले वरोऱ्यापासून एटापल्लीपर्यंत बोलावणं येते. परवा एकानं फोनवर अट घातली, "आबाजीले आणा, पण डफ स्टेजवरच शेकाचा." मी नातीले म्हटलं, "त्याले सांग, डफ शेकून आणीन. शेकणं पाहाचं असंन तर आधी ये अन् पेंढी धर."