एका तुळईची दोन घरं

माणिक मिस्त्री भिंतीला भिणारा माणूस नव्हता. कापसाच्या जिनिंगमधल्या मजुरांसाठी इंग्रज साहेबाच्या काळात खामगावात बांधलेली पक्क्या विटांची बारा घरं. सगळी एकमेकांना खेटून, दोन घरांत भिंत एकच. ठेकेदाराला अख्खी लाईन पाडायची होती. चार घरं माणिकनं उतरवलीही. पण आठव्यातली कलाबाई काही हलेना.

महिन्याभरामागं ठेकेदाराच्या सांगण्यावरून माणिकच तिच्याकडे गेला. "मावशी, भिंत पोकळ झाली, घर पडते." धडधडीत खोटं! खोटं बोलायला कुठं सिमेंट लागतं? तिनं चहा पाजून त्याला वाटेला लावलं.

आज सातव्या घराची तुळई अर्धी कापली, अन् पलीकडे कडकड वाजलं. माणिकनं फटीतून पाहिलं. बाप्पा! तीच तुळई सलग आठव्या घरात गेलेली. घाईनं टेकू ठोकला, तोही सरकू लागला. तसाच तो पळत सुटला.

कलाबाई भाकर थापत होती. वरून परातीत चुना गळत होता.

"मावशी, निघा बाहीर! घर पडून राह्यलं!"

"हाव, मागच्या महिन्यातही पडतच होतं."

"तव्हा मी खोटं बोललो व! आता खरं हाय, लेकराची आन!"

"लबाडाचं आवतन, जेवल्याबिगर खरं नाही," असं म्हणून तिनं भाकर उलटली.

लाकूड पुन्हा कडाडलं. पळ, पळ, असं माणिकचं मन ओरडत होतं. पण तुळई त्याच्याच हातानं कापली होती. तो मटकन तिच्यासमोर बसला.

"मंग मीबी इथंच बसतो."

त्यानं परातीच्या काठाला हात धरला, तर परात वाजायला लागली, इतका तो कापत होता. कलाबाईनं त्याच्या हाताकडे पाहिलं, तोंडाकडे पाहिलं.

"तव्हा नाही कापला तू," ती म्हणाली अन् उठली.

दोघं रस्त्यापलीकडे पोचली न पोचली तोच छत खाली आलं. धूळ बसेपर्यंत आजूबाजूचे लोक जमले. मग ते माणिकची पाठ थोपटू लागले. म्हातारीले वाचवलं म्हणे यानं!

कलाबाई पिठाचे हात घेऊन विटांच्या ढिगाकडे बघत उभी होती.

"निघाली बाबा मी," ती माणिकला म्हणाली. "झालं तुह्यं काम."