एक डाग आणि माझी परात

आमच्या भावजींइतका हट्टी माणूस जयपूर शहरात दुसरा झाला नाही. हे मी सांगते आहे, म्हणजे खरंच असणार, कारण हट्टात माझा नंबर दुसरा होता. भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. कॉलेजात शिकवायचे, लग्न केलं नाही, राहायचे आमच्यात. एका पावसाळ्यात त्यांनी व्हरांड्यातल्या पिंपावर काचेवर काच घासायला घेतली. पिंपाभोवती फिरत घासायचे, घाण्याच्या बैलासारखे. सहा महिन्यांनी आरसा झाला, तो पत्र्याच्या नळीत बसवून दुर्बीण गच्चीवर उभी राहिली. आणि फोटो कशाचा काढायचा? आपल्या आकाशगंगेसारखी दुसरी एक फार लांब आहे म्हणे, तिचा. डोळ्यांना ती दिसतच नाही. मी म्हटलं, "दिसत नाही तर काढता कशाला?"

"म्हणूनच, वहिनी."

कॉलेजातले मोठे साहेब सगळ्यांसमोर हसले होते, घरच्या नळीत असलं काही येत नाही म्हणून. तेव्हापासून भावजींनी दात धरला होता. तेव्हा फोटो काचेवर उमटायचा; ती काच नळीत बसवून तासभर उघडी ठेवायची, दुसऱ्या लहान दुर्बिणीतून एका ताऱ्यावर डोळा लावायचा आणि तारा सरकेल तसा हाताने स्क्रू फिरवायचा. डोळा हलला की काच वाया. एक काच उलटी बसवली गेली. एक शिंकेने गेली. शेवटी एकच उरली, आणि घरमालक लालाजी जिना चढून आले. "मास्टरजी, संक्रांत तक रखिए. अगले दिन ये तोप मैं खुद उतरवा दूँगा."

"संक्रांत की रात तो मेरी है ना?" भावजी म्हणाले.

त्या साली संक्रांत अमावास्येला लागून आली, आकाश काळंभोर. पण जयपुरात संक्रांतीला अंधार पडला की पतंगाच्या दोरीला कागदी कंदील बांधून सोडतात. भावजींनी काच उघडली आणि लालाजींच्या मुलांनी त्याच गच्चीवरून कंदील सोडले. मी ओरडले, "दिये नीचे लीजिए!" लालाजी म्हणाले, "त्योहार है, बहनजी."

मी खाली गेले, कणकेची परात आणली आणि स्टुलावर चढले. कंदील जवळ आला की नळीच्या तोंडावर परात, गेला की काढायची. भावजी डोळा न हलवता म्हणाले, "वहिनी, हा उजेड निघाला तेव्हा पृथ्वीवर माणूस नव्हता."

"मग जेवणाआधी पोचायला काय झालं होतं त्याला?"

मोरीत लाल दिव्याखाली काच धुतली. मधोमध बोटाएवढा डाग आला. साहेब म्हणाले, काचेतला दोष आहे. लालाजी म्हणाले, "धब्बा है." भावजी दोघांनाही म्हणाले, "आहे. पण जिथे असायला हवा तिथेच आहे." दुसऱ्या दिवशी दुर्बीण उतरली. पुढे घर बदललं, त्याला गच्ची नव्हती.

भावजी गेले. काच माझ्याकडे आहे, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. नात त्याच आकाशगंगेची रंगीत चित्रं दाखवते. मी म्हणते, छान आहेत, पण ही आमची आहे. काचेच्या कोपऱ्यात एक बारीक रेघ आहे. ती एका कंदिलाची, माझी परात आडवी यायची राहिली तेव्हाची. थंडीने भावजींचं नाक गळत होतं, दोन्ही हात गुंतलेले, शिंक आली असती तर सगळं गेलं असतं. मी वाकून पदराने त्यांचं नाक पुसलं, तेवढ्यात तो वरून गेला. भावजींना ते ठाऊक होतं. जन्मभर माझ्याशी भांडले, पण त्या रेघेबद्दल एकदाही नाही.