गोठ्यातून दिसणारी खुर्ची

अक्काचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू व्हायचा. घरात घड्याळ नव्हतं. तरी पावणेचार म्हणजे पावणेचारच. कसं जमतं, ते तिलाही सांगता यायचं नाही.

अक्का माझी थोरली बहीण. मळ्यातल्या दगडी घराच्या गोठ्यात तिनं चौतीस वर्षं धारा काढल्या. गाई अकरा, पहाटे एकदा आणि दुपारी साडेतीनला एकदा. ज्याला हे काम सोपं वाटतं त्यानं एक गाय पिळून बघावी. दुसरीला बोटं उघडत नाहीत.

मी गवंडी. आता हात थरथरतो म्हणून घरी असतो. महिला मंडळाला पन्नास वर्षं झाली, तेव्हा तिथल्या बायका म्हणाल्या, पहिल्या दिवशी तुम्ही होता, अक्काबद्दल लिहा. होतो खरा. पण काय चाललंय ते मला तेव्हाही नीट कळलं नव्हतं, आणि लिहायला बसलो तर आताही गोंधळायला होतंय. जे पाहिलं ते लिहितो.

आधी घर समजून घ्यावं लागेल. मालकांच्या पणजोबांनी पुढचा भाग बांधला : दिवाणखाना आणि झोपायच्या खोल्या. आजोबांनी मागून स्वयंपाकघर जोडलं आणि त्याला लागून गोठा. दिवाणखाना आणि स्वयंपाकघर यांच्या मधली भिंत दोन हात जाड. तिच्यात दार ठेवलं नाही. विसरले, की ठेवायचंच नव्हतं, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. जेवणाची ताटं तीन पिढ्या अंगण ओलांडून पुढं जायची. घरची माणसं पुढच्या दारानं, कामाची माणसं मागच्या. हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं.

मालकीणबाईंच्या मनात आलं की बायकांचं मंडळ काढावं आणि सगळ्यांत मिळून लोणी काढायचं यंत्र घ्यावं. शहरातून एक बाई नावं नोंदवायला येणार होत्या. एका सभेत पंचवीस बायका हव्यात, नाहीतर मंडळ नाही.

"पंचवीस मी आणते," अक्का म्हणाली. शब्द देऊन बसली. आठवडाभर धार आटोपली की घरोघरी हिंडली. पण मंडळ म्हणजे काय, हे तिलाच पुरतं कळलं नव्हतं, मग ऐकणाऱ्यांना काय कळणार? गिरणीवालीला वाटलं फोटो काढणार आहेत. ती ठेवणीतले कपडे घालून आली. शिवणवालीला वाटलं टोचणार आहेत. ती सैल बाह्यांचं घालून आली.

सभा दोन वाजता होती. मी त्या दिवशी छपरावर कौलं बदलत होतो. पुढं दिवाणखान्यात खुर्च्या मांडलेल्या, मालकीणबाई आणि शहरातल्या बाई बसलेल्या, तिसरं कुणी नाही. मागं स्वयंपाकघरात एकोणतीस बायका. आल्या त्या सवयीनं मागच्या दारानं. स्वैपाकीणबाईंनी मटारचं पोतं पुढ्यात ओतलं. "रिकाम्या बसू नका गं."

"बसा, बोलावतील," अक्का म्हणाली.

पुढच्या वाट बघत होत्या, मागच्याही वाट बघत होत्या. कौलं काढलेल्या जागेतून मला वरून दोन्ही दिसत होतं. मी खाली उतरून सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. सभा कशी असते मला काय ठाऊक? मला वाटलं, अशीच असेल.

साडेतीनला गाई हंबरल्या. अक्का उठली. "त्या बाई आल्या की मला हाक मारा," म्हणाली आणि गोठ्यात गेली.

पाठोपाठ मालकीणबाई चहा सांगायला अंगण ओलांडून आल्या. चेहरा पडलेला. दारातच थबकल्या.

"अगं, तुम्ही सगळ्या इथं काय करताय?"

"सभेला आलोय," गिरणीवाली म्हणाली.

"सभा पुढं आहे!"

"मग इथं काय आहे?"

"इथं मटार आहेत," स्वैपाकीणबाई म्हणाल्या. "होते. संपले."

"चला, उठा, पुढच्या दारानं या."

कुणी हलेना. एक म्हणाली पाय मळलेत. एक म्हणाली, आजवर कधी गेलो नाही, आजच कशाला? शहरातल्या बाईंची चारची बस, त्यानंतर बस नाही. शेवटी त्या बाईच चिखल तुडवत मागं आल्या, पालथ्या बादलीवर बसल्या आणि भराभर नावं घेतली. शिवणवालीनं बाही वर करून दंड पुढं केला. "इथं नको, या वहीत सही करा," बाई म्हणाल्या.

अक्का दुधाच्या बादल्या घेऊन आली तेव्हा बाई निघून गेल्या होत्या.

"झाली?"

"झाली की. मंडळ झालं!"

"आणि माझं नाव?"

सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. "अगं, आम्हाला वाटलं तुझं आधीच घातलं असेल. तूच तर बोलावलंस."

मालकीणबाई म्हणाल्या, पुढच्या सभेला ये, तेव्हा घालू. हजर असल्याशिवाय नाव घालायचं नाही, असा नियम होता. शहरातल्या बाई दर महिन्याला सव्वातीनच्या बसनं येऊन चारच्या बसनं परतणार, म्हणून सभा साडेतीनला ठरली. दिवाणखान्यात. बाकीच्या हळूहळू पाय पुसून पुढच्या दारानं जायला शिकल्या. अक्का गोठ्यात. बस बदलेना, गाई त्याहून बदलेनात.

यंत्र आलं. अक्काही त्यावर लोणी काढायची, कुणी अडवलं नाही. तीन वर्षं असं चाललं.

"मग तुझं अडलंय कुठं?" मी विचारलं.

"ते कळलं असतं तर तुला सांगितलं नसतं का? मी आहे की नाही त्यात, एवढंच विचारतेय."



एक दिवस ती मालकीणबाईंसमोर उभी राहिली. मधल्या भिंतीत दार पाडायचंय म्हणाली.

"तीन पिढ्यांत त्या भिंतीला कुणी हात लावला नाही!"

"म्हणून तर एवढी जाड राहिली," अक्का म्हणाली.

मालकीणबाईंना हसू आलं. "बरं, पाड. पण माझंच घर फोडायला पैसे मी देणार नाही."

"मी कुठं मागितले?"

मला तिनं धारेच्या पाटावर बसवलं आणि म्हणाली, इथून अध्यक्षांची, म्हणजे मालकीणबाईंची, खुर्ची दिसली पाहिजे. मी पाटापासून सुतळी ताणली, गोठ्याच्या दारातून, स्वयंपाकघरातून, थेट भिंतीपर्यंत, आणि तिथं खूण केली. सहा दिवस छिन्नी चालवली. दगड जुना, चुना त्याहून चिवट. आठ छिन्न्या बोथटल्या. मी म्हटलं, बहिणीकडून मजुरी काय घ्यायची? ती म्हणाली, "फुकटचं काम वाकडं होतं. घे." घेतली.

पुढच्या सभेला हजेरी झाली. शेवटी मालकीणबाईंनी खुर्चीतून मान कलती करून अक्काचं नाव पुकारलं.

"हजर!" गोठ्यातून आवाज आला. धारेचा आवाज थांबला नव्हता.

नाव लिहिलं गेलं. तिसावं.

दाराच्या फळ्या मात्र तिनं बसवू दिल्या नाहीत. थंडीत वारा येतो, स्वैपाकीणबाई कुरकुरायच्या, मीही समजावलं. ऐकलं नाही. अक्काच्या तीन वर्षांच्या शिलकीतून सागाची चौकट आली, दगडी उंबरा आला, माझी सहा दिवसांची मजुरी आली, आणि दुसऱ्याच्या घराच्या भिंतीत एक मोकळी जागा आली. एवढे कष्टाचे पैसे त्यात का घातले, मला अजून उमगत नाही. पण ओळंबा लावून बघा, चौकट एका दोऱ्याइतकीही कललेली नाही.