अंत्युखिया आणि दोन कुलपं

सुमन, जरा जवळ सरक आणि ऐक. मावशीला इतकं विसरतात होय गं?

आपल्या चर्चच्या दाराला आता दोन गटांची दोन कुलपं आहेत. फुलं ठेवायला गेले, तर पायरीवर बसलेला एका गटाचा पंच म्हणाला, “आजी, आधी त्यांची किल्ली आणा, मग आमची देतो.”

मला अंत्युखिया शहर आठवलं. ‘ख्रिस्ती’ हे नाव पहिल्यांदा तिथंच पडलं. पुढे हजारेक वर्षांनी अंगरख्यावर क्रूस शिवलेलं सैन्य तट चढून आत शिरलं आणि अंधारात तिथल्या ख्रिस्ती लोकांनाही कापत सुटलं. ओळखू आले नाहीत म्हणे! आम्ही तर भरदिवसा एकमेकांना नावानिशी ओळखतो.

मी मेल्यावर माझी पेटी आत न्यायला दोन किल्ल्या लागतील. त्याआधी अशीच पुन्हा लवकर भेटून जा गं. माझ्या दाराला नुसती कडी आहे, तीही मी लावत नाही.