हेलियमखालचा दोन

छापखान्यात सगळे तिला वेलांटीबाई म्हणत. बावीस वर्षं मुद्रितं तपासून तिची नजर इतकी सरावली होती, की दुकानाची पाटी वाचतानाही हात पेन शोधायचा.

नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन यांच्या चिन्हांखाली बारीक दोन आहे ना, हे डोळ्यांत तेल घालून बघा, असं लेखकांनी बजावलं होतं. पुढच्या तक्त्यात हेलियम, निऑन आणि अरगॉन उघडेच दिसले. टाइप करणाऱ्याने आकडे खाल्ले असणार, असं समजून तिने तिघांखाली दोन घातले आणि पान छपाईला सोडलं.

चार दिवसांनी भाजी निवडताना तिने ही गोष्ट धाकट्या जावेला सांगितली. जाऊ शाळेत विज्ञान शिकवायची. तिचा हात थांबला.

"ताई, ते तिघे एकेकटेच असतात हो. त्यांचा एक अणू हाच त्यांचा रेणू. ऑक्सिजनचे अणू जोडीने राहतात, यांचे नाही."

सगळे वायूच ना, असं हिने विचारलं. वायू असले म्हणून काय झालं, प्रत्येकाची रीत वेगळी, जाऊ म्हणाली. फॉस्फरसचे अणू चार-चार एकत्र राहतात, गंधकाचे आठ-आठ.

तेव्हापासून तिचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. जावेचं पुस्तक तिने तीनदा उघडून पाहिलं. सकाळी चहा न घेताच निघाली आणि छापखान्याचं दार उघडेपर्यंत गल्लीत येरझाऱ्या घालत राहिली.

मशीनवाल्याने कालच ते पान छापायला घेतलं होतं. दोन हजार कागद झाले होते. तो म्हणाला, एवढं बारीक कोण बघतंय?

"मुलं बघतील. आणि तेच पाठ करतील."

त्याने मशीन बंद केलं. तिने लेखकांना फोन लावून चूक आपली असल्याचं सांगितलं. ते म्हणाले, शेवटचं मुद्रित मीही पाहिलं होतं, बाई. मालक मात्र तडकले. विचारायला तोंड नव्हतं का, म्हणाले. कागद रद्दीत गेले, पान नव्याने छापलं.

सुटलो म्हणायचं, तर मन मानेना. न विचारता आणखी काय काय सुधारलंय आपण? घरी आल्यावर तिने कपाटातून गेल्या वर्षी तपासलेलं आठवीचं पुस्तक काढलं. चाळिसाव्या पानापर्यंत काही सापडलं नाही. पण त्यापुढे चिन्हांचा एक तक्ता होता, आणि जाऊ अजून शाळेतून यायची होती.